दुसरी घंटा आणि तिसरं कडवं

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

आठवी ब चा तास चालू असताना खुमेंद्रचा फोन. कट केला. परत केला. शेवटी व्हरांड्यात येऊन घेतला तर हा ओरडतोय, "अबे धन्या, अपना अल्बम आ रहा है!"

आपला नव्हे, आपल्यावरचा. नागपूरची कुठलीशी कंपनी आमच्या जुन्या बँडला मानवंदना म्हणून अल्बम काढते आहे. आमची नऊ गाणी, नऊ नवे गायक. दुपारी त्याने पोस्टर पाठवलं. पिवळं धानाचं शेत, मागे मावळता सूर्य आणि बांधीत छत्री घेऊन उभी असलेली एक पोरगी. धान कापणीला आलंय, आभाळात ढग नाही, आणि बाईच्या हातात छत्री! वर लिहिलंय, 'दुसरी घंटा : मातीतल्या सुरांना सलाम'. हे 'मातीतले सूर' वाचलं की मला शिसारी येते. आमच्या सुरांना कधी माती लागली नाही. लागलंच असेल तर जनरेटरचं डिझेल.

हे कुणी पुढे वाचलं तर कळावं म्हणून लिहून ठेवतो. २००२ ते २००६ आम्ही तिघं होतो. मी गायचो आणि बेस वाजवायचो, खुमेंद्र कटरे गिटारवर, दुर्गा टेकाम ड्रमवर. तिघांची ओळख आमगावला डी.एड. करताना झाली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई येतात, आणि अंधार पडला की नाटक. पहिल्या घंटेला लोक ताडपत्र्या टाकून जागा धरतात, दुसऱ्या घंटेला ओरडायला लागतात, आणि तिसरी होईपर्यंत नट आत रंग फासत बसलेले असतात. त्या मधल्या वेळात लोक उठून जाऊ नयेत म्हणून आम्हाला उभं करायचे. म्हणून नाव 'दुसरी घंटा'. गोंदियातली पोरं हे नाव ऐकून दात काढायची, ते वेगळं.

तिसरी घंटा कधी होईल याचा नेम नसायचा. म्हणून गाणं अडीच मिनिटांच्या आत संपवायचं, दोन कडव्यांच्या वर जायचं नाही, हा माझा नियम. धडाधड गिटार, ड्रम, आणि पहिल्या फटक्यात ओठावर बसणारी ओळ. याला जगात पॉवर पॉप म्हणतात, हे आम्हाला बँड मोडल्यावर कळलं. एक कॅसेट काढली, मग मला शाळेत नोकरीची ऑर्डर आली आणि बँड मोडला.

घोषणा म्हणे आमच्याच गावच्या मंडईत होणार, दोन नोव्हेंबरला, दुसऱ्या आणि तिसऱ्या घंटेच्या मध्ये. कल्पना बरी आहे. ती मला सुचली नाही याचाच जास्त वैताग आला.

सोमवार, ६ ऑक्टोबर

गाण्यांची यादी आली. आठ गाण्यांपुढे 'गीत : धनेंद्र बिसेन'. नवव्या गाण्यापुढे, म्हणजे 'लेट गाडी'पुढे, 'पारंपरिक'.

पारंपरिक!

मी यादी तीनदा वाचली. बाकीची आठ माझी आहेत यावर वाद नाही, पण खरं सांगायचं तर ती आठ गाणी आज खुमेंद्रच्या बायकोलाही आठवत नाहीत. लोकांना आठवतं ते एकच. आमगावच्या बाजारात भाजीवाली मला 'लेट गाडीवाले सर' म्हणते. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी शेवटचं गाणं तेच असतं आणि मुख्याध्यापक माझ्याकडे हात करून म्हणतात, 'हे आमच्या सरांचं.' एकोणीस वर्षं पोरांच्या वह्या तपासतोय. माझ्या नावावर जगात दुसरं काय आहे? हे गाणं गेलं तर मी फक्त बिसेन सर उरतो, आणि बिसेन सर तर जिल्ह्यात पन्नास असतील.

कंपनीच्या मुलाला फोन केला. कैलाश नाव त्याचं. सव्वीस-सत्तावीसचा असेल, 'सर, सर' करत लोण्यासारखं बोलतो. म्हणाला, "सर, ऑगस्टमध्ये मी दरेकसाला रेकॉर्डिंगला गेलो होतो. तिथे बाया हळदीत हे गाणं म्हणतात, आणि तीन कडव्यांचं म्हणतात. तुमच्या कॅसेटवर दोनच आहेत. म्हणजे मूळ लोकगीत मोठं असणार, बँडने छोटं केलं असणार."

मी म्हटलं, "अरे बाबा, गाणं आमचंच. बायांनी मागून जोडलंय तिसरं."

"पण सर, कशावरून?"

"कॅसेटचं कव्हर बघ. त्यावर माझं नाव आहे."

"कव्हरवर तर सगळंच तुमच्या नावाने आहे सर. गीत, संगीत, गायन, वादनसुद्धा. म्हणून ते धरता येत नाही."

कव्हर मीच छापून घेतलं होतं. तेव्हा जागा कमी होती. फोन ठेवला आणि पाणी प्यायलो तर पाणीही कडू लागलं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

तीन दिवस झाले, घरात या एकाच विषयावर बोलतोय. आज भूमेश्वरीने पोळी लाटता लाटता विचारलं, "तुमचंच होतं का जी ते गाणं?"

अठरा वर्षांच्या संसारात बायकोने हे विचारावं! मी ताटावरून उठलो. म्हणजे पूर्ण उठलो नाही, वरण-भात झाला होता, पण पुढची पोळी घेतली नाही.

संध्याकाळी ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती आणि गुणगुणत होती. चाल आमचीच. शब्द मात्र मला अनोळखी, '... चाय पिऊन गेला' असं काहीतरी. मला पाहिलं आणि थांबली. मी विचारलं, हे कुठलं? म्हणाली, "हळदीतलं. बाया म्हनतात." तिचं माहेर सालेकसाकडे आहे, तिकडे हळद लावताना बाया नवऱ्या मुलाची खेचणारी गाणी म्हणतात. म्हणजे माझ्या गाण्याला त्यांनी कुठल्या तरी चहाचं शेपूट लावलंय. आणि या शेपटामुळे ते पारंपरिक झालं. लोक एखाद्याच्या चांगल्या वस्तूचं काय करून ठेवतील याला सुमार नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

कैलाशने नमुन्यादाखल नवं 'लेट गाडी' पाठवलं. पुण्याच्या एका मुलीने गायलंय. मी अडीच मिनिटांत संपवायचो, ही साडेपाच मिनिटं घेते. ड्रम नाही. गिटारही जवळपास नाही. एक खेळण्यातलं तंतुवाद्य टुंग टुंग वाजतंय आणि ही कानाशी येऊन कुजबुजते, जणू घरात कुणी आजारी आहे. 'टेसन' या शब्दावर तर अशी काही लाडात येते की मला घामच फुटला. मूळ गाणं असं सुरू होतं :

टेसनावरचा दिवा म्हने, डोरे माझे लाल,
बसून बसून बाकड्याचे झाले बाप्पा हाल.
लेट हाय, लेट हाय, गाडी लेट हाय,
येनारा येऊन रायला, घरी जाऊन काय?

हे ओरडून म्हणायचं असतं. समोर दोन हजार माणसं मुरमुरे खात बसलेली असताना म्हणायचं असतं. मी दीड मिनिटात बंद केलं.

त्यानंतर कैलाशशी बोललो. त्याचं म्हणणं, बँडमधल्या दुसऱ्या कुणी लिहून सही करून द्यावं की गाणं धनेंद्र बिसेन यांचंच आहे, मग तो नाव बदलेल. एवढंच ना! खुमेंद्रचं गोंदियात ट्रॅक्टरचं दुकान आहे, तिथेच गेलो. कागद टाइप करून नेला होता. त्याने वाचला, पेन हातात घेतलं, टोपण काढलं, परत लावलं.

"यार धन्या, मी तर गिटार बजावत होतो. बोल कोन लिहिले, माझं ध्यान कुठं होतं?"

"तुला माहीत नाही? तू तिथे होतास!"

"मी तिथं गाडी लेट म्हनून झोपलो होतो बाकड्यावर. दुर्गाले विचार ना. तिले सगळं याद राहते." मग गिऱ्हाईक आलं म्हणून उठून गेला. गिऱ्हाईक वगैरे कुणी नव्हतं, काचेतून मला दिसत होतं. चार वर्षं एका ताटात जेवलेला माणूस, आणि एक सही करताना हात आखडतो. किळस आली.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आज माळ्यावरून जुना रजिस्टर काढला. शाळेत वार्षिक परीक्षेला जशी शाई वापरतात तशा निळ्या शाईत आठ गाणी, माझ्या अक्षरात. 'लेट गाडी' रजिस्टरमध्ये नाही. ते एका सुट्या पानावर आहे, चार घड्या घातलेलं, आणि अक्षर दुर्गाचं.

यात घाबरण्यासारखं काही नाही. मी सांगत असेन, ती लिहीत असेल. ते लिहिलं तो दिवस मला नीट आठवतो. तालीम दरेकसाला दुर्गाच्या घरी असायची, कारण ड्रम तिकडे होते आणि तिचे वडील, सुकराम काका, कितीही आवाज केला तरी काही म्हणायचे नाहीत. स्वतः ढोल वाजवणारा माणूस. परत येताना पॅसेंजर लेट झाली. दुर्गा आम्हाला सोडायला स्टेशनवर आली होती, किटलीत चहा घेऊन. खुमेंद्र झोपला. मी म्हटलं, तू घरी जा, अंधार पडतोय, मागे जंगल आहे. ती म्हणाली, घरी जाऊन काय? मग थोड्या वेळाने तिने एक ओळ म्हटली, मग दुसरी. म्हणजे ती सहज बोलत होती आणि मी त्यातलं गाणं ओळखलं. ओळखणं हीच तर खरी कला असते. ओळी कुणीही बोलतं.

फक्त एक कळत नाही. माझं अक्षर बघायला मुख्याध्यापक नव्या शिक्षकांना माझ्या वर्गात आणतात. तेव्हाही माझंच अक्षर तिघांत चांगलं होतं. मग मी तिला का लिहायला लावलं असेल?

असेल काही कारण. पान परत घडी घालून ठेवलं.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

भाऊबीज. बहिणी आल्या होत्या. थोरलीने सगळ्यांसमोर विचारलं, "धनू, तुझं गाणं म्हने आता पारंपरिक झालं?" गावात बातमी अशी पसरते. ओवाळून घेताना मला धड हसताही आलं नाही.

रविवारी दरेकसाला जायचं ठरवलं. दुर्गाची सही आणायची. तिला काय, द्यायला हरकत नसावी.

रविवार, २६ ऑक्टोबर

सकाळच्या गाडीने दरेकसाला उतरलो. किती वर्षांनी! फलाटावर तेच बाकडं, फक्त त्याला निळा रंग फासलाय, आणि त्यावर कुणीतरी गुटखा खाऊन पिचकारी मारली आहे. पाहूनच मळमळलं.

दुर्गा अंगणवाडी सेविका आहे. तिला डी.एड.ला माझ्यापेक्षा नऊ गुण जास्त होते, पण तिची ऑर्डर काही आली नाही. ते नशिबावर असतं. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. मला पाहून म्हणाली, "आला का तू? बस." जणू मी परवाच येऊन गेलो. सुकराम काका खाटेवर होते, त्यांना आता कमी दिसतं. त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

मी सरळ मुद्द्यावर आलो. कैलाश इथे आला होता ना? गाणं कुणाचं म्हणून त्याने विचारलं असेल ना? काय सांगितलं?

"विचारलं त्यानं. मी म्हनलं, कोनाचं नाव नोको लिवू. आमच्या इकडच्या बाया म्हनतात, तसंच लिव."

म्हणजे आग हिनेच लावली होती! मी म्हटलं, "अगं पण तू काऊन असं सांगितलं? त्याने पारंपरिक लिहिलं! पारंपरिक म्हणजे काय कळते का तुला? म्हणजे कुणाचंच नाही!"

चिडलो की माझी बोली जागी होते. तिने काकांच्या अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाली, "कोनाचंच नाही तर कोनाचं भांडनही नाही."

एवढी शिकलेली बाई आणि लेखकाच्या हक्काबद्दल हे अज्ञान! मी कागद काढून समोर ठेवला. तिने चष्मा पुसला आणि सावकाश वाचला, मोठ्याने. 'मी खाली सही करणार, असे लिहून देते की, लेट गाडी या गीताचे शब्द श्री. धनेंद्र बिसेन यांनी एकट्याने लिहिलेले असून मी त्याची प्रत्यक्ष साक्षीदार आहे.' 'एकट्याने' या शब्दापाशी ती थांबली. सुकराम काका खाटेवरून म्हणाले, "काय होय वो तो कागद?" ती म्हणाली, "काई नाही बाबा. शाळेचा होय."

मग विचारलं, "धनेंद्र, तिसरं कडवं ऐकलं का तू कधी?"

"बायांनी जोडलेलं ते? नाही ऐकलं. आणि मला ऐकायचंही नाही."

ती हसली. मोकळी हसली, पूर्वी ड्रमची काठी हातातून निसटली की हसायची तशी. आणि सही केली. साक्षीदार म्हणून, पूर्ण नावाने, ठळक.

चहा ठेवला होता तिने. पण गाडीची वेळ झाली होती आणि चहावर साय आली होती, मला साय चालत नाही. निघालो. स्टेशनवर आलो तर गाडी दीड तास लेट. त्या पिचकारीच्या बाकड्यावर बसवेना, उभाच राहिलो. एवढा वेळ होता तर चहा घेता आला असता.

काम झालं. आनंद व्हायला हवा होता, पण गाडीत घेतलेलं भजं अर्धंच खाऊन टाकून दिलं. शिळं असावं.

बुधवार, २९ ऑक्टोबर

कागदाचा फोटो कैलाशला पाठवला होता, आज नवं पोस्टर आलं. 'लेट गाडी. गीत : धनेंद्र बिसेन.' छत्रीवाली तशीच आहे. मुख्याध्यापकांनी पोस्टर सूचनाफलकावर लावलं, पेढे मागवले. पेढा तोंडात घातला आणि थुंकावासा वाटला. बेसिनवर जाऊन चूळ भरली. दोन दिवस असंच चाललंय, काही खाल्लं की तोंडाला एक घाण चव राहते. भूमेश्वरीला म्हटलं, पित्त झालंय. ती म्हणाली, "असंल." तिने त्यावर काही विचारलं नाही, याचंही नवल वाटलं.

मंडईला बँडमधल्या तिघांचा सत्कार आहे. खुमेंद्र येणार. दुर्गा म्हणे स्टेजवर येत नाही, खाली बायांत बसेन म्हणाली. तिची मर्जी.

सोमवार, ३ नोव्हेंबर

काल रात्री काही लिहिलं नाही. आज शाळेत गेलो नाही. जसं घडलं तसं लिहितो.

दुसरी घंटा झाली. पटांगण भरून ताडपत्र्या. डावीकडे बाप्ये, उजवीकडे बाया. आमच्या गावच्या, सालेकसा-दरेकसाकडून मंडईला माहेरी आलेल्या, सगळ्याच. कैलाशने घोषणा केली. अल्बमचं नाव, नऊ गायकांची नावं. मग मला पुढे बोलावून शाल, श्रीफळ. "ज्यांच्या लेखणीतून लेट गाडी उतरलं, ते धनेंद्र बिसेन सर!" टाळ्या पडल्या. खुमेंद्र माझ्याकडे बघून पायाच्या बोटांकडे बघायला लागला.

पुण्याची मुलगी आली आणि तिने कुजबुजायला सुरुवात केली. मंडईचे लोक ते, पहिल्या ओळीलाच ओरडले, "जोरात!" ती बिचारी घाबरली. खुमेंद्रने कुणाचं तरी गिटार ओढून घेतलं आणि आपल्या जुन्या पद्धतीने हाणलं. मग काय, सगळं पटांगण गायला लागलं. पहिलं कडवं, दुसरं कडवं. माझ्या अंगावर काटा आला. महिनाभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं, हे खरं आहे.

दुसरं कडवं संपलं. मुलगी थांबली. खुमेंद्रने शेवटचा फटका मारला. पण बाया थांबल्या नाहीत. टाळी तशीच चालू ठेवून त्या तिसऱ्यात शिरल्या. पोरीने माईक पटकन माझ्या तोंडापुढे धरला, 'सर, तुम्ही घ्या' म्हणून.

मला येत नव्हतं. दोन हजार माणसांसमोर, खांद्यावर शाल, हातात नारळ, तोंडासमोर माईक, आणि मी गप्प उभा. बाया म्हणत होत्या :

आला गडी गाडीतून, चाय पिऊन गेला,
गानं माझं घेऊन गेला, मले ठेवून गेला.
लेट हाय, लेट हाय, गाडी लेट हाय,
गेला त्याची वाट पाहू, घरी जाऊन काय?

हसत म्हणत होत्या. हळदीत म्हणतात तशा, नवऱ्या मुलाकडे हात करून. आणि हात माझ्याकडे होते, कारण स्टेजवर पुढे मीच होतो. त्यांच्या मनात काही नसेल. त्यांना गाणं म्हणजे गाणं. पण मी त्या गर्दीत दुर्गाला शोधलं आणि ती सापडली. तिसऱ्या-चौथ्या रांगेत, मांडीवर कुणाचं तरी लेकरू. ती गात नव्हती. फक्त मांडीवर बोटांनी ठेका धरला होता.

तिसरी घंटा झाली. पडदा उघडायचा म्हणून मला बाजूला केलं. नारळ कुठे ठेवला आठवत नाही.

घरी येताना भूमेश्वरीला विचारलं, "हे कडवं तू आधी कधी ऐकलंस?"

"आपल्याच लग्नात. आमच्या मांडवात, तुमच्या हळदीत म्हनलं ना बायाइनं. तुमी पाटावर बसले होते."

"मी ऐकलं नाही."

"तुमी हसून रायले होते."

"म्हणजे अठरा वर्षं तुला माहीत होतं?"

"मले वाटलं, तुमालेही माहीत आहे," ती म्हणाली. "म्हनून तर इचारलं होतं त्या दिवशी."

मंगळवार, ४ नोव्हेंबर

शाळेत गेलो. सूचनाफलकावरचं पोस्टर काढलं. शिपायाने विचारलं तर म्हटलं, चूक आहे त्यात.

महिनाभर मला ज्याची त्याची किळस येत होती. छत्रीची, त्या पोरीची, खुमेंद्रची, बाकड्यावरच्या पिचकारीची. एकानेही माझं काही घेतलं नव्हतं. तोंडातली घाण चव माझ्याच तोंडाची होती. आणि बायकोने ती वास आल्यासारखी ओळखली होती, तरी मी पित्त म्हटलं तर पित्त, म्हणून ती गप्प राहिली. दुर्गाने तर माझी अब्रू राहावी म्हणून आपलं गाणं सगळ्या बायांचं करून टाकलं होतं. मी तिच्या घरी जाऊन तिलाच पारंपरिकचा अर्थ शिकवला. एकोणीस वर्षं पोरांना कॉपी करताना पकडतो मी. लाज वाटते हे लिहायला, पण लिहितो.

रविवार, ९ नोव्हेंबर

नवीन कागद लिहिला. टाइप नाही, माझ्या हाताने. 'लेट गाडी'चे शब्द दुर्गा टेकाम हिचे आहेत, तिन्ही कडव्यांसकट, आणि मी एवढी वर्षं ते माझे म्हणून मिरवले. सकाळच्या गाडीने दरेकसाला नेला. सोबत ते चार घड्यांचं पानही.

दुर्गा अंगणात धान वाळत घालत होती. तिने कागद वाचला. या वेळी मनातल्या मनात वाचला. मग घडी करून माझ्या हातात परत दिला.

"मले कायले देतो? गानं माझं हाय हे मले माहीत होतं. तुलेच माहीत नव्हतं. ठेव तुझ्याजवळ."

"कैलाशला पाठवणार आहे. तुझं नाव घालायचंय."

"घाल मग." मग म्हणाली, "त्या पुन्याच्या पोरीले सांग, जोरात म्हन म्हनावं. ड्रम पाहिजे असंल तर मी येतो."

ते पान तिने ठेवून घेतलं. चहा आणला. साय होती. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो आणि सुकराम काकांना ढोलाबद्दल विचारत बसलो. गाडी निघून गेली तरी उठलो नाही.

दुपारच्या गाडीला स्टेशनवर आलो. ती लेट होतीच. बाकड्यावर बसूनच कैलाशला फोन लावला. त्याने मला सगळं परत एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाला, "सर, आपण घोषणा करून बसलोय. तुमचंच नाव गेलंय सगळीकडे."

"परत कर घोषणा. मंडया संपल्या नाहीत अजून."

"बरं. पूर्ण नाव सांगा त्यांचं."

मला तिच्या वडिलांचं नाव माहीत होतं, घर माहीत होतं, तिला नऊ गुण जास्त होते हे माहीत होतं. तरी ती स्वतःचं पूर्ण नाव कसं लिहिते ते मी फक्त एका ठिकाणी पाहिलं होतं. खिशातून तो जुना कागद काढला, माझ्या नावाखाली तिने ठळक सही केलेला, आणि वाचून दाखवलं. "दुर्गा सुकराम टेकाम."

"लिहिलं. आणि सर, साक्षीदार म्हणून कुणाचं घालू?"

"माझं," मी म्हटलं.